जलार्थे अक्षता

पूर्वी त्रेतायुग उताराला लागले असता, जेव्हा देव अजून बोलावल्यावर येत असत आणि राजेही अधूनमधून खरे बोलत असत, तेव्हा मरुभूमीच्या काठावर अनुमरू नावाचा देश होता. तेथे वितानध्वज हा राजा राज्य करीत असे. भाट त्याला शत्रुकुलदावानल म्हणत, याचककल्पद्रुम म्हणत, प्रजानयनचंद्र म्हणत. शत्रू त्याला फारसे नव्हते, कारण त्या देशातून लुटून नेण्यासारखे काही उरले नव्हते. याचक मात्र रोज वाढत होते. पर्जन्याने वर्षानुवर्षे पाठ फिरवली होती, कोठारातले धान्य राजाच्या हत्तींनी फस्त केले होते, आणि प्रजा राजवाड्याच्या महाद्वारापाशी येऊन बसू लागली होती. ती ओरडत नसे, दगड मारीत नसे. नुसती बसून राजाच्या गवाक्षाकडे पाहत राही. राजाला तेच सहन होईना.

त्याचा वर्चस नावाचा अमात्य होता. वेदवेदांगपारंगत, आणि बोलण्यात असा गोड की त्याने कर वाढवला तरी देणाऱ्याला आपला सत्कार झाल्यासारखे वाटे.

"महाराज, यांना धान्य दिले तर हे खातील," अमात्य म्हणाला, "आणि खाऊन झाले की पुन्हा मागतील."

"मग काय द्यावे?"

"जे खाता येत नाही असे काहीतरी. एखादी नगरी."

राजाला ते पटले. तो अरण्यात जाऊन एका पायावर तप करू लागला, आणि मागे अमात्य दोन्ही हातांनी राज्य करू लागला. वर आधी देऊन त्याचा विचार नंतर करणारे कमलासन पितामह ब्रह्मदेव यथाकाल प्रकट झाले.

"वत्सा, वर माग. पर्जन्य माग, धान्य माग, प्रजेचे आयुष्य माग."

"पितामह, ते मागणारे पुष्कळ आहेत," वितानध्वज हात जोडून म्हणाला. "मी एक नगरी वसवीन. जो तिच्याकडे पाहील, त्याच्या मनातले गाऱ्हाणे मनातच विरून जावो. इतकेच."

ब्रह्मदेवांनी चारही मुखांनी एकदम निःश्वास टाकला. पण तप पूर्ण झाले होते.

"तथास्तु. मात्र एक लक्षात ठेव. प्रवेशाच्या दिवशी वास्तुशांत यथासांग कर. कलश भरलेला असू दे. ज्या वास्तूत वरुण बसत नाही, ती वास्तू भूमीवर बसत नाही."

राजाने मान डोलावली. वर मिळाल्यानंतरचे बोलणे तो सहसा ऐकत नसे.

नगरीसाठी जागा निवडली ती शालूकसर नावाच्या सरोवराच्या काठची, कारण पाण्यात प्रतिबिंब पडून एकाच खर्चात दोन नगऱ्या दिसतील, असे अमात्याचे गणित होते. त्या सरोवराच्या उत्तर तीरावर दर्भायन मुनींचा आश्रम होता. तेथे निचुलवृक्षांच्या छायेत हरिणे मुनिकुमारांच्या हातचे नीवार खात, चक्रवाकांची युगुले कमलवनातून विहार करीत, आणि सायंकाळी होमधूम पाण्यावर निळ्या पदरासारखा पसरे. शेजारी कमळाचे कंद काढणाऱ्यांचे आणि लव्हाळ्यांच्या चटया विणणाऱ्यांचे गाव होते. साऱ्या अनुमरू देशात अवर्षणातही न आटलेले तेवढे एकच पाणी होते.

पाहता पाहता नगरी उभी राहिली. स्फटिकांची गोपुरे, प्रवाळांचे स्तंभ, हत्तीला झुलीसह जाता येईल अशी तोरणे, आणि चौकाचौकात कारंजी. तिचे नाव नेत्रोत्सवा. घरे मात्र तीत नव्हती. घरांमुळे रस्त्याची शोभा जाते, असे स्थपतींचे मत पडले. पायासाठी अर्धे सरोवर बुजवले गेले आणि उरलेल्या अर्ध्याचे पाणी पाटांनी कारंज्यांकडे वळवले. काठावरचा चिखल आधी ओला होता, मग त्याला भेगा पडल्या.

गावचा मुखिया गाऱ्हाणे घेऊन गेला. परत आला तो तोरणांची उंची सांगत. चटया विणणाऱ्या बाया तावातावाने गेल्या आणि कोणत्या खांबावर कोणते रत्न आहे यावर आपसात भांडत परतल्या. घशाला कोरड पडलेली असे, पण पाणी हा शब्द कोणाच्या तोंडून निघत नसे.

शेवटी दर्भायन मुनी स्वतः निघाले. दंड आपटीत, जटा सावरीत, नेत्र आरक्त करून निघालेल्या गुरूंना पाहून शिष्यांना राजाची दया आली. मुनिपत्नी सुवेला दोन कोसांवरच्या झऱ्यावरून पाणी आणीत होती. तिची आणि त्यांची वाटेतच गाठ पडली.

"अहो, शाप देऊ नका," ती म्हणाली. "फक्त पाट मोडून मागा."

संध्याकाळी मुनी परतले. खांद्यावर जरीकाठी शाल होती.

"पाट मोडले का?"

"अगं सुवेले, सातव्या गोपुरावर सूर्यकिरण पडले म्हणजे..."

"मी पाटाचे विचारते आहे."

"राजाने मला वास्तुशांतीचे आचार्यपद दिले आहे," मुनी म्हणाले, आणि जिच्यासाठी गेले होते त्या गोष्टीची आठवण डोळ्यांत क्षणभर हलून विझून गेली. "राजा माणूस वाईट नाही. अभिरुची आहे त्याला."

सुवेलेने शालीकडे पाहिले, मग आपल्या कळशीकडे. "छान आहे हो शाल. पिळून पाहिलीत का? थेंबभर तरी निघेल."

त्यानंतर सोहळ्याच्या तालमी सुरू झाल्या. कारंजी किती उंच उडतात हे पाहायला अमात्य रोज ती उडवी, आणि समाधान झाले की पुन्हा एकदा उडवी. प्रवेशाचा दिवस उजाडला तेव्हा शालूकसरात मासे उघडे पडले होते.

मिरवणुकीत कलश घेऊन चालण्यासाठी देशोदेशीच्या सुवासिनी बोलावल्या होत्या. आचार्यपत्नी म्हणून सुवेलेचा मान पहिला. सुवर्णकलश, त्यावर आम्रपल्लव, त्यावर श्रीफळ. तो डोक्यावर ठेवताक्षणी तिची मान आपोआप वर उचलली गेली. भाराची वाट पाहणाऱ्या मानेला भारच मिळाला नव्हता.

"अमात्य, यात पाणी नाही."

"वहिनी, हळू बोला," वर्चस हसून म्हणाला. "कुठल्याच कलशात नाही. जेवढे उरले होते ते कारंज्यांना दिले. कलशातले पाणी दिसत नाही, कारंज्याचे दिसते. शिवाय रिकामे कलश हलके असतात, रांग कशी सरळ चालते बघा."

सुवेला चालू लागली. डोक्यावर कलश असलेल्या बाईला इकडेतिकडे पाहता येत नाही. तिची दृष्टी समोरच्या वाटेवर होती. बाकीच्या सुवासिनींनी नगरी तालमींतच डोळे भरून पाहिली होती; सुवेलेची वाट मात्र रोज नगरीकडे पाठ करून झऱ्याकडे जाई. म्हणून त्या साऱ्या समुदायात ती एकटीच अशी होती की जिने नेत्रोत्सवा पाहिली नव्हती.

यज्ञमंडपात मुनी आसनस्थ होते. राजा सपत्नीक यजमान म्हणून बसला होता. कलश समोर ठेवताना सुवेला पतीच्या कानाशी वाकली.

"अहो, हा रिकामा आहे. वरुणाला बोलावू नका. ही शांत पुरी झाली तर ही नगरी कायमची बसेल, आपल्या पाण्यावर बसेल. तुम्ही उठलात तर दुसरा कोणी आचार्य व्हायला पुढे होणार नाही. उठा."

मुनींचा हात थबकला. त्यांना ते कळले; विद्या मोहाने झाकली जाते, नाहीशी होत नाही. त्यांनी अमात्याकडे पाहिले.

"अमात्य, पाणी?"

"आचार्य, आपणच तर नेहमी सांगता," वर्चस नम्रपणे म्हणाला. "वस्त्र नसेल तर वस्त्रार्थे अक्षता. अलंकार नसतील तर अलंकारार्थे अक्षता. देव भावाचा भुकेला. मग पाण्यानेच काय पाप केले?"

मुनींनी वर पाहिले. सातव्या गोपुरावर ऊन आले होते.

"जलार्थे," ते म्हणाले, "अक्षतान् समर्पयामि."

आणि मूठभर अक्षता त्यांनी कलशात टाकल्या. तांदूळ सोन्याच्या तळावर खडखडले. तो आवाज रांगेतल्या प्रत्येक कलशातून उठला. मग मुनींनी आवाहनाचा मंत्र म्हटला, आणि पाशधर, मकरवाहन, सप्तसिंधूंचा अधिपती वरुण बोलावल्याप्रमाणे आला.

पण तो दिसला नाही. तो कलशात आला होता, आणि कलशाच्या आतून नगरी दिसत नाही.

"दर्भायना," सगळे कलश एकदम बोलले, "मी कुठे बसू?"

हाही सोहळ्याचाच भाग असावा असे वाटून प्रजेने टाळ्या वाजवल्या. वर्चसानेही वाजवल्या, ही युक्ती नेमकी कोणाला सुचली, एवढेच त्याला आठवेना.

"मुने, वस्त्राच्या जागी तुम्ही अक्षता दिल्यात, मी ल्यालो. अलंकारांच्या जागी दिल्यात, मी मिरवलो. पण पाणी म्हणजे मीच. माझ्याच जागी अक्षता ठेवायच्या होत्या, तर मला बोलावलेत कशाला?"

राजा घाईघाईने उठला. "जलाधीशा, बाहेर या! एकदा नगरी तर पाहा!"

"राजा, तुला पाहिलेलेच पुरेसे वाटते," कलश म्हणाले. "तर ऐक. ही तुझी नगरी सदैव दिसेल, आणि कोणाचे पाऊल तिच्यात पडणार नाही. तिच्यापुढे सदैव पाणी चमकेल, आणि कोणाचा ओठ त्याला लागणार नाही. जिथे मी बसलो नाही तिथे ती बसणार नाही."

सुवेला हात जोडून उभी राहिली. "देवा, नगरीचे तुम्ही पाहिलेत. आमचे सरोवर?"

वरुणाचा आवाज मऊ झाला. "मुली, ते दबले आहे, आटलेले नाही. भार उठला की ते वर येईल."

तोच भूमी हादरली. सुवासिनी, प्रजा आणि मुनी मंडपातून बाहेर धावले; सुवेलेने जाताना आपला कलश उचलून घेतला. नेत्रोत्सवा पायापासून सुटली आणि गोपुरे, तोरणे, आपल्या आसनाला घट्ट धरून बसलेला राजा आणि अजूनही हात जोडून हसणारा अमात्य यांच्यासह अधांतरी उचलली गेली. मग मरुभूमीच्या दिशेने हळूहळू सरकू लागली. पायाच्या खड्ड्यांतून झुळझुळ आवाज करीत काळेभोर पाणी वर आले.

सुवेलेने हर्षाने हाक मारली, "पाणी! अगं, पाणी आले!"

कोणी वळले नाही. वरुणाच्या शापाने नगरी उठली होती, पण ब्रह्मदेवांचा वर मोडला नव्हता. माना वर करून सारी प्रजा नगरीकडे पाहत होती, आणि नगरी दूर जाऊ लागली तशी ती मागोमाग चालू लागली. मुखिया चालला, चटया विणणाऱ्या बाया मुलांना कडेवर घेऊन चालल्या. वाळूवर ऊन तापले तसे ते धावू लागले. तहानेने त्यांचे घसे सुकले, धावून पाय बारीक झाले, डोळे विस्फारून मोठे झाले, आणि दुपारपर्यंत त्या वाळवंटात माणसे उरली नव्हती. हरिणांचा एक कळप क्षितिजावरच्या पाण्याकडे धावत होता.

दर्भायन मुनीही निघाले होते. सुवेलेने धावत जाऊन त्यांना काठावरच गाठले. हात धरला, तो त्यांनी सोडवला. हाका मारल्या, त्या त्यांना ऐकू गेल्या नाहीत. तेव्हा तिने तोच सुवर्णकलश खड्ड्यात बुडवला, आतल्या अक्षतांसकट भरला, आणि त्यांच्या तोंडावर ओतला.

मुनींचे डोळे मिटले. पाणी गालांवरून ओठांपर्यंत आले. डोळे न उघडताच त्यांनी ओठ चाटले.

"सुवेले," ते म्हणाले, "मला तहान लागली आहे."

"तिकडे पाहू नका. ओंजळ करा."

पुढे ती दोघे त्या तीरावर राहिली. सरोवर पूर्वीसारखे भरले, कमळे आली, चक्रवाक परतले. कंद काढायला आणि चटया विणायला मात्र कोणी नव्हते. आश्रमाशी पाण्यावर येणाऱ्या हरिणांना सुवेला नावांनी हाका मारीत असे. एखादे कान टवकारी. पण तेवढ्यात दूर वाळूवर काहीतरी चमके आणि ते पाणी न पिताच धावत सुटे.

तेव्हापासून भर उन्हात मरुभूमीवर जी नगरी अधांतरी दिसते तिला लोक गंधर्वनगर म्हणतात, आणि तिच्यापुढे जे चमकते त्याला मृगजळ. तेव्हापासूनच पूजेची मांडणी झाली की घरातली बाई कलशात हळूच बोट बुडवून पाहते. यजमान पाहत नाहीत. आणि गंधर्वनगर दिसणे हे राज्याला अशुभ आहे, असे ज्योतिषी प्रत्येक राजाला सांगत आले आहेत. राजे ते लक्षपूर्वक ऐकतात, आणि तिला तोरणे किती होती एवढेच विचारतात.