दारातली जुनी प्रोसेस

सर्व्हरला टेबलफॅनचा वारा घालायचे, त्या काळची गोष्ट. एका कॉलेजच्या सर्व्हरवर बंदू आणि सुरू अशा दोन स्क्रिप्ट, म्हणजे नेमून दिलेलं काम करणारे छोटे प्रोग्राम, राहत. वेबसाइटच्या दारात, येणाऱ्यांचं काम घ्यायला, एका वेळी एकाच प्रोसेसला म्हणजे चालू प्रोग्रामला बसता येई. जुनीला बंदूने थांबवायचं आणि सुरूने नवी बसवायची, असा रिवाज.

एकदा बंदू ओरडला, "थांबवली गं!" सुरूने नवी प्रोसेस पाठवली, ती दारातच कोसळली. दुसरी पाठवली, तीही कोसळली. सुरूला काही कळेना. आपलंच चुकतंय की काय?

"बंदूदादा, नक्की थांबवलीस ना?"

"म्हणजे काय! थांब म्हणून सांगून आलो की."

सुरूने भीत भीत डोकावलं, तर जुनी तिथेच बसलेली. "निघतेच गं. एका मुलीचा प्रवेशअर्ज अर्धा आलाय, तेवढा घेते."

"गचांडी धरून काढतो हिला!" बंदू धावला.

"आणि त्या मुलीचा अर्ज?" सुरू त्याच्या आडवी आली.

अर्ज पोचला. जुनी उठली, नवी बसली.

दुसऱ्या दिवशी बंदू पुन्हा ओरडला, "थांबवली गं!"

"हो का?" म्हणत सुरू आधी दाराकडे बघायला गेली.