ताटातला गोपनीय पदार्थ

सोनतळी राज्यात दवंडी पिटली गेली आणि तीन गावांची झोप उडाली. दवंडी अशी होती, "ऐका हो ऐका! राज्यातल्या तीन तळ्यांपैकी एका तळ्याचा बांध आतून पोकळ झालाय हो! कधी फुटेल सांगता येत नाही हो! तळं कोणतं, ते गोपनीय आहे हो!"

आता याला काय म्हणायचं! पण हा सगळा नव्या कायद्याचा प्रताप होता. आधी काय व्हायचं, सरकारी कामं तपासणारा पाहणीदार आपला अहवाल गुपचूप प्रधानांकडे द्यायचा आणि प्रधान विश्वंभरपंत तो उशाखाली घालून झोपायचे. लोकांनी फारच ओरड केली, तेव्हा गजेंद्रराजांनी कायदा केला की यापुढे प्रत्येक सरकारी तपासणीचा अहवाल लोकांना जाहीर सांगायचा. पंतांनी मान डोलावली आणि खाली एकच ओळ वाढवली. ज्याने सरकारची अब्रू जाईल, ते नाव तेवढं सांगायचं नाही. राजांना भूक लागली होती. त्यांनी न वाचताच शिक्का मारला.

झालं! ज्यांना जमलं ते बिऱ्हाड उचलून टेकडीवर गेले, बाकीचे बांधाकडे बघत बसले. पंत मात्र खूश होते. पूर्वी लोकांना काहीच कळत नव्हतं, आता निदान घाबरायचं तरी कळतंय, असं ते चारचौघांत सांगत फिरायचे. तो पोकळ बांध त्यांच्या मेव्हण्याने बांधला होता, हे मात्र ते कुणाला सांगत नव्हते.

बेलतळ्याच्या खालच्या गावात तुळसाक्काची लेक पारू ओली बाळंतीण होती. पारूची सासू हटून बसली. बांध दुसऱ्याच तळ्याचा असला तर तान्ह्या जिवाला उगीच टेकडीवरच्या गारठ्यात कशाला न्यायचं? आणि बेलतळ्याचाच असला तर? तुळसाक्काला राहवेना.

ही तुळसाक्का राजवाड्यात ताट चाखायच्या कामावर होती. पानातला प्रत्येक पदार्थ आधी तिने चाखायचा, ती 'चांगलं आहे' म्हणाली की मगच राजांनी घास घ्यायचा. राजघराण्याची ही जुनी रीत होती आणि ती मोडायची छाती कुणाची नव्हती. तुळसाक्का थेट राजांपुढे जाऊन उभी राहिली आणि हात जोडून तळ्याचं नाव विचारलं. नाव राजांना ठाऊक होतं. पण कायदा त्यांचा स्वतःचा, आयुष्यातला पहिलाच, आणि त्याचं त्यांना भारी कौतुक.

"कायदा म्हणजे कायदा," राजे म्हणाले. "तुला एवढीच निकड असेल, तर उद्या दिवस मावळायच्या आत कायदा न मोडता माझ्याच तोंडून ते नाव काढून दाखव. जमलं तर मागशील ते देईन. नाही जमलं तर चाकरी गेली समज."

पंत मिशीतल्या मिशीत हसले. तुळसाक्का मुजरा करून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चांदीचं ताट आलं. पुरणपोळी, कटाची आमटी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, खीर, भजी, काय नव्हतं त्यात! राजे बाह्या सावरून पाटावर बसले. तुळसाक्काने एकेक पदार्थ चाखला आणि मागे सरून खणखणीत आवाजात सांगितलं, "महाराज, ताटातल्या एका पदार्थात दोष आहे."

राजांचा हात जागीच थांबला. "कोणत्या?"

"ते गोपनीय आहे, महाराज. मीही सरकारी तपासणीच करते. नाव सांगितलं तर सरकारी मुदपाकखान्याची अब्रू जाईल."

"अगं, पण जेवणार मी आहे!"

"बांधाखाली राहणारेही हेच म्हणतात, महाराज."

राजे लाल झाले. त्यांनी दुसरं ताट मागवलं. तुळसाक्काने तेही चाखलं आणि तोच अहवाल दिला. मग राजांनी पंतांना हुकूम सोडला, तुम्हीच खाऊन बघा. पंतांना एकदम आठवलं की आज त्यांचा कडक उपास आहे. राजांनी पुरणपोळीकडे पाहिलं, तिच्यावरचं तूप थिजत चाललं होतं. त्यांनी खिरीकडे पाहिलं, भज्यांकडे पाहिलं, आणि सगळ्याच पदार्थांचा त्यांना संशय येऊ लागला. ऊन कलायला लागलं तसे राजांच्या पोटात कावळे कोकलू लागले.

शेवटी राजे पाट सरकवून उठले. "पंत, ती शेवटची ओळ खोडा! तपासणीत जे सापडेल ते नावागावासकट जाहीर करायचं, अहवाल तळ्याचा असो की ताटाचा!"

पंतांनी चडफडत ओळ खोडली. राजांनी या वेळी कायदा नीट वाचला आणि मग शिक्का मारला.

"आता बोल, कोणता पदार्थ?"

"आधीचा अहवाल आधी, महाराज."

राजे सज्जात गेले आणि स्वतःच ओरडले, "बेलतळं! बेलतळ्याचा बांध पोकळ आहे!" तुळसाक्काचे डोळे भरून आले. राजांनी तिथल्या तिथे आपला मेणा पारूला आणि बाळाला आणायला पिटाळला, गाव खाली करायला घोडेस्वार धाडले, आणि मग घाईघाईने ताटाकडे वळले.

"काकडीच्या कोशिंबिरीत मीठ नाही," तुळसाक्का म्हणाली. "दोन्ही ताटांत एकाच पातेल्यातली होती."

"एवढंच? एवढ्यासाठी मला दिवसभर उपाशी ठेवलंस?"

"दोष मिठाचा की विषाचा, हे नाव कळल्याशिवाय कसं कळावं, महाराज?"

राजे खो खो हसत सुटले. पुरणपोळीचा मोठा घास तोंडात कोंबत त्यांनी तिला बक्षीस मागायला सांगितलं.

"बेलतळ्याचा बांध दुरुस्त होईपर्यंत पंतांचा मुक्काम माझ्या लेकीच्या घरी असू द्या," तुळसाक्का म्हणाली. "घर बांधाच्या अगदी खाली आहे आणि आता रिकामंही आहे."

राजांना हसता हसता ठसका लागला. त्यांनी आपल्या हातातलं सोन्याचं कडं काढून तुळसाक्काला दिलं आणि पंतांची वळकटी बांधायला सांगितली. दिवेलागणीला पंत बेलतळ्याखाली पोहोचले, आणि उजाडायच्या आत त्यांचा मेव्हणा घमेली, फावडी आणि गावभरचे गवंडी घेऊन बांधावर हजर होता.