चिंचेपर्यंतचे धावणे

एकदा एका वृद्ध गुरुजींचा शिष्य मोजणीचे काम घेऊन त्यांच्या गावी आला. किशोरवयीन मुली दिवसभरात किती हालचाल करतात, ते त्याला पाहायचे होते. शाळेतल्या चाळीस मुलींच्या कमरेला त्याने पावले मोजणारी छोटी यंत्रे बांधली आणि आठ दिवसांनी सोडवून घेतली. आकडे उत्तम निघाले. मैना नावाच्या तेरा वर्षांच्या मुलीची तर रोज वीस हजार पावले भरली. शिष्य हरखून गेला. 'येथील मुलींना पुरेसा व्यायाम घडतो. त्यांच्यासाठी वेगळ्या मैदानाची आवश्यकता नाही,' असा अहवाल त्याने तालुक्याला धाडलाही. पंचायतीला हेच हवे होते. शाळेमागच्या मोकळ्या जागेवर तिला दुकानांचे गाळे काढायचे होते.

गुरुजींनी सगळे ऐकून घेतले, पण शाबासकी दिली नाही. "त्या मुलीला बोलाव," एवढेच म्हणाले.

मैना आली. गुरुजींनी त्या मोकळ्या जागेच्या टोकाला असलेल्या चिंचेकडे बोट दाखवले. "पोरी, तिथपर्यंत पळत जा आणि परत ये."

म्हाताऱ्याचे हे काय भलतेच, असे शिष्याच्या मनात आले. मैना जागची हलली नाही.

"तिथून काय आणू, आजोबा?"

"काही नको. नुसती पळ."

तिने ओढणी कमरेला खोचली आणि निघाली. पळणे कसले, ती झपाझप चालत होती. एक हात डोक्यापाशी, कळशी सांभाळावी तसा. परतली तेव्हा तिच्या कवेत वाळक्या काटक्या होत्या.

"रिकाम्या हातानं कसं यायचं?" ती ओशाळून म्हणाली. "चुलीला होतील. जाऊ मी? धाकटीला न्हाऊ घालायचंय."

ती गेल्यावर गुरुजी शिष्याकडे वळले.

"तुझे यंत्र खोटे नाही, बाळा," ते म्हणाले. "पावले वीस हजारच आहेत. पण ती पाण्याची, सरपणाची, धाकटीला कडेवर घेऊन घातलेल्या खेपांची. तिचे स्वतःचे एकही नाही. तू कष्ट मोजलेस आणि त्यांना खेळ समजलास. तेराव्या वर्षी हे पोर नुसते धावायला विसरले आहे. ते जिथे पुन्हा शिकले असते, ती जागा आपण नको म्हणून लिहून दिली."

शिष्याला रडू आवरेना. दुसऱ्याच दिवशी तो तालुक्याला गेला आणि अहवाल परत मागू लागला. आकडे स्पष्ट आहेत, असे त्याला सांगण्यात आले. दिवाळीपर्यंत गाळे उभे राहिले.

पुढे तो अनेक गावे फिरला. यंत्र बांधण्याआधी प्रत्येक मुलीला तो विचारी, "शेवटची उगाच कधी पळाली होतीस?"

बहुतेकींना आठवत नसे.