काळ्या कागदातली बुरशी

"मग सही करताय ना, सर?" भार्गवनं तिसऱ्यांदा विचारलं.

धोंडगे सरांनी मान वर केली नाही. मातीतल्या बुरश्या ओळखण्यात त्यांची हयात गेली होती. निवृत्त झाले तरी कृषी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ते रोज येत, आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय तिथं कुठल्याही बुरशीला नाव मिळत नसे.

तिथं संशोधन करणाऱ्या भार्गवला घाई होती. उद्या, सोमवारी, सरांच्या सहीनिशी शोधनिबंध नियतकालिकाकडे जायचा होता. हळदीच्या वाफ्यातल्या मातीत त्याला बुरशीची नवी जात सापडली होती. निदान त्याची तशी खात्री होती. आणि खात्री पटलेल्या माणसाला धीर धरवत नाही.

"वाढ कशी आहे?"

"झपाट्यानं, सर. चार दिवसांत काचेच्या बशीच्या कडेपर्यंत. पांढरीशुभ्र, पिंजलेल्या कापसासारखी."

"सूक्ष्मदर्शकाखाली?"

"नुसते तंतू. बीजाणू एकही नाही. तेच तर तिचं वेगळेपण. ही बीजाणू धरतच नाही."

"बशी आण."

भार्गवनं कपाटाचं कुलूप काढलं. बशीला काळा कागद गुंडाळलेला होता, तोही दुपदरी. सरांनी तो सावकाश सोडवला आणि बशी उचलून खिडकीतल्या उजेडात ठेवली.

"परवा ये."

"पण सर, सोमवार..."

सर चष्मा पुसत राहिले.

सोमवार गेला. निबंध भार्गवकडेच राहिला. मंगळवारी तो आला, तेव्हा उजेड मिळालेल्या त्या बशीत कडेनं हिरवं कडं उमटलं होतं. त्यानं कणभर काचपट्टीवर घेतलं आणि डोळा लावला. फांद्याफांद्यांवर इवल्या सुरया, आणि सुरयांच्या तोंडाशी हिरव्या गोल बीजाणूंचे घोस. नवी कसली डोंबलाची? पेरणीआधी बियाण्याला चोळतात, त्या ट्रायकोडर्मातलीच एक जुनी जात. बीजाणू दिसते, तर पहिल्या वर्षाच्या पोरांनीही ओळखली असती; पण ते धरायला तिला उजेड लागतो.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काळा कागद कशाला गुंडाळला होतास?" सरांच्या आवाजात राग नव्हता. तेच त्याला जास्त लागलं.

"दुसऱ्या कुणाच्या नजरेला पडेल... माझ्याआधी नाव देईल... म्हणून."

"म्हणजे तिची ओळख कुणाला पटू नये, असं तुझ्या मनात होतं."

भार्गवनं टेबलावरच्या काळ्या कागदाची घडी केली.

"हो, सर."

"मग तिच्यावर कशाला रुसतोस? तिनं तुझंच ऐकलं."