ठाऊक नसणाऱ्यांची मंडळी

एका जंगलात, नदीच्या अल्याड, एक सशीण राहत असे. स्वभावाने गरीब, पण भित्री इतकी की पान सळसळलं तरी बिळात धूम ठोकायची. तिला एकच पिल्लू होतं, आणि ते मात्र आईच्या अगदी उलट, दिसेल तिथे तुरुतुरु धावणारं. एके वर्षी नदीपल्याडच्या रानात कंद सडले. उकरून काढावा तो काळा आणि घाण वासाचा. मग तिकडच्या काटेरी सायाळी पिल्लांना घेऊन नदी ओलांडून अलीकडे आल्या. बिचाऱ्यांच्या अंगावर काटे तेवढे उरले होते, बाकी नुसती हाडं! टेकडीच्या उतारावर त्यांनी बिळं खणली. उन्हाळ्यात नदी आणि झरा दोन्ही आटले तेव्हा पाण्यासाठी खड्डाही त्यांनीच खणला. सगळं जंगल ते पाणी प्यायलं आणि विसरूनही गेलं. सशिणीच्या शेजारीच एक सायाळ राहू लागली. दोघींच्या पिल्लांची अशी गट्टी जमली की काय सांगावं! सायाळी दिवसा झोपतात, म्हणून सशाचं पिल्लू रोज भर दुपारी बिळात शिरून दोस्ताला उठवायचं आणि गळालेला एखादा काटा मिरवत घरी आणायचं.

हे कोल्ह्याला कुठलं बघवायला? त्याने प्राण्यांना झाडीत जमवलं. "आपण इथले. या उपऱ्या आज कंद खातात, उद्या तुमचं गवत खातील. यांचा म्हातारा मुखिया अजून पल्याड बसलाय, त्याची शीळ आली की या सगळ्या त्याच्याच बाजूने धावतील." म्हातारं कासव म्हणालं, "कोल्होबा, तुझी आजी पुरात ओंडक्याला धरून इथे आली होती. काठ मीच दाखवला होता तिला." कोल्हा हसला. "कासवबुवांना म्हातारचळ लागलाय!" तो हसला म्हणून बाकीचेही हसले. मग प्रत्येकाने आपल्या जन्माच्या जागेची माती कपाळाला लावून मंडळीची शपथ घेतली. मंडळीचा नियम एकच होता. कुणी काहीही विचारलं, तरी उत्तर द्यायचं, "मला काही ठाऊक नाही." नाही म्हटलं तर आपल्यालाही उपरी ठरवतील, या भीतीने सशिणीनेही माती लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी, सायाळी झोपेत असताना, सगळी बिळं बुजवायची असं ठरलं.

सकाळी शेजारीण तिला भेटली. "ताई, कोल्हा पहाटेपासून उतारावर घुटमळतोय. काय शिजतंय गं? माझी पोरं लहान आहेत." सांगून टाकावं असं फार वाटलं हो सशिणीला! पण ती जमिनीकडे बघत म्हणाली, "मला काही ठाऊक नाही." सायाळ "बरं" एवढंच बोलून वळली. नजरेला नजर न देता बोलणारी शेजारीण काय लपवते, हे तिला कळून चुकलं होतं. तिने साऱ्या सायाळींना उठवलं आणि कोल्ह्याची नजर चुकवून नदीपल्याड नेलं.

दुपारी मंडळी जमली. सगळ्यांत जवळची म्हणून शेजारणीच्या बिळावर दगड लोटायचं काम सशिणीकडेच आलं. मागच्या तोंडाने ती निसटेल, अशी मनाची समजूत घालत सशिणीने दगड लोटला. मागचं तोंड रानडुकराने आधीच बुजवलं होतं. ती दगडावर माती थापत होती, तोच आतून आवाज आला. ठप्. ठप्, ठप्. आता बाळांनो, घाबरलं की मागचा पाय असा कोण आपटतं? सायाळ तर काटे खुळखुळवते. सशिणीला हे ठाऊक नव्हतं होय? पण भीतीपुढे तिचे एवढे लांब कान बधिर झाले होते. रानडुकराने विचारलं, "आत काय वाजतंय?" सशीण म्हणाली, "मला काही ठाऊक नाही." रानडुकराने वरून माती तुडवून घट्ट केली.

ऊन कललं तरी पिल्लू घरी आलं नाही. तिने रानडुकराला विचारलं, माकडाला विचारलं. "मला काही ठाऊक नाही." कोल्ह्यापुढे तिने पदर पसरला. तो म्हणाला, "ससूबाई, नियम म्हणजे नियम." रडकुंडीला येऊन ती घरी परतली. कोपऱ्यात पिल्लाने जमवलेले काटे पडले होते. ते पाहिले मात्र, आणि दुपारचा तो आवाज तिला पुन्हा ऐकू आला.

"अगं बाई गं!" ती उतारावर धावली. मऊ पंजांनी माती उकरू लागली, पण दगड हलेना. तिने हाका मारल्या. कुणी आलं नाही, कारण जो येईल त्याला आधी विचारलं जाणार, बिळं बुजवली कुणी? फक्त कासवाने, सकाळी सायाळींना पल्याड जाताना पाहिलं होतं म्हणून, नदीत उडी घेतली. जमिनीवर मंद असलं तरी पाण्यात ते झपाट्याने जातं. त्याने पल्याडहून सायाळीला आणलं. तिने एक शब्द विचारला नाही. नखं रक्ताळली तरी खणत राहिली, आणि दिवस मावळता मावळता तिने पिल्लाला बाहेर काढलं. अंग अजून ऊबदार होतं. श्वास नव्हता. तोंडात एक काटा होता.

सशीण हंबरडा फोडून म्हणाली, "मी तुझ्याशी खोटं बोलले. तरी तू आलीस?"

"खोटं बोललीस, ते मला तेव्हाच ठाऊक होतं, ताई. आत पोर आहे, हेही कळलं. मग न येऊन कसं चालेल?" तिने पिल्लावरची माती झटकली आणि नदीपल्याड निघून गेली. पुन्हा कधी अलीकडे आली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा सगळं पाणी आटलं, तेव्हा बुजलेला खड्डा खणायला कुणी नव्हतं. मंडळीही मोडली. मंडळीत कोण होतं म्हणून विचारलं, तर सगळे म्हणत, ठाऊक नाही. एकटी सशीण उतारावर बसून असे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला न विचारता सांगे, "मला ठाऊक आहे. तो दगड मी लावला."

तात्पर्य : शेजाऱ्यावरचं संकट ठाऊक असूनही जो 'ठाऊक नाही' म्हणतो, तो त्या संकटाला आपल्याच घराची वाट दाखवतो.