अंजिराआत्यांची सतरंजी

“...म्हणजे काढू की नको, आत्या? बायकांचा वेगळा पक्ष काढू की नको, एवढंच सांगा.”

वैजयंतीने तिसऱ्यांदा विचारलं.

अंजिराआत्या ओसरीवर बसून सतरंजीची उसवलेली कड दाभणाने शिवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

सगळं गाव त्यांना आत्याच म्हणायचं. कुठल्याही पक्षाचा बिल्ला त्यांनी उभ्या जन्मात लावला नाही. पण गावातलं दारूचं दुकान त्यांनी बंद पाडलं होतं आणि बाजारतळावर बायकांसाठी मुतारी बांधून घेतली होती. आमदार मतं मागायला आला की आधी याच ओसरीवर चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत त्याला घाम फुटलेला असायचा.

वैजयंती याच गावची लेक. लग्न होऊन जिल्ह्याच्या गावी गेली आणि तिथे एका मोठ्या पक्षाच्या महिला आघाडीची जिल्हाध्यक्ष झाली. उद्या ती तो पक्ष सोडणार होती. मेळावा ठरला होता, नव्या पक्षाचं नावसुद्धा ठरलं होतं. अध्यक्ष म्हणून फक्त आत्यांचं नाव हवं होतं. ते मिळालं तर चार तालुक्यांतल्या बायका येतील, नाहीतर रिकाम्या खुर्च्यांसमोर भाषण करावं लागेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“बावीस वर्षं सतरंज्या उचलल्या मी,” ती म्हणाली. “मंचावर बोलावतात ते औक्षणाला. तिकीट मात्र साहेबांच्या सुनेला.”

आत्या शिवत राहिल्या.

“तालुक्याच्या दवाखान्यात चौदा महिने बाळंतपणाची डॉक्टर नाही. आपल्या सुलभाचं बाळ जिल्ह्याला नेताना जीपमध्येच गेलं, आत्या. मी तीन नेत्यांना भेटले. तिघेही म्हणाले, बघू.”

“मग?”

“मग आपला पक्ष. आपली माणसं, आपले प्रश्न!”

आत्यांनी दोरा दातांनी तोडला.

“चल. ग्रामसभेची येळ झाली. ही घे.”

“अहो, पण माझं उत्तर...”

“खांद्यावर घे. हातात जड व्हतीया.”

जिल्हाध्यक्ष वैजयंती ढोबळे सतरंजी खांद्यावर टाकून निघाली. मनात म्हणाली, इथेही हेच!

वाटेत तिने विचारलं, “पंचायतीच्या सतरंज्या आहेत की. ही कशाला?”

“दुसऱ्याच्या सतरंजीवर बसलं, की त्यो ऊठ म्हणला की उठाया लागतं.”

वैजयंती थबकली. मग खुदकन हसली. बावीस वर्षं जे तिला सांगता येत नव्हतं, ते म्हातारी एका दमात बोलली होती. मिळालं उत्तर, असं तिला वाटलं.

समाजमंदिर पुरुषांनी भरत आलं होतं. पुढे टेबल, टेबलामागे सरपंच भाऊसाहेब, शेजारी रजिस्टर घेतलेले ग्रामसेवक. पंधरा-वीस बायका दाराशी उभ्या होत्या. त्यांत सुलभाही होती.

“पसर,” आत्या म्हणाल्या.

वैजयंतीने एका झटक्यात सतरंजी पसरली. ना सुरकुती, ना कोपरा वाकडा. हात सरावलेले होते. बायका पटापट बसल्या.

आत्या उभ्याच.

“हितं पसर म्हणून कुणी सांगितलं तुला?”

वैजयंतीने खाली पाहिलं.

दाराजवळ. चपलांच्या ढिगाला लागून. शेवटच्या पुरुषाच्याही मागे.

“कुणी... नाही.”

तिचे कान तापले. कुठल्या साहेबांनी बोट दाखवलं नव्हतं, कुणी दटावलं नव्हतं. हात आपले आपणच तिकडे गेले होते. तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाजेपाठोपाठ राग आला.

“उठा गं सगळ्या! चला बाहेर. लिंबाखाली आपली वेगळी सभा घेऊ.”

“ती काल झाली,” आत्या म्हणाल्या.

“काय?”

“म्हैला ग्रामसभा. लिंबाखालीच. डागदरीणबाईचा ठराव बी झाला. सुलभा बोलली, समद्या रडल्या.”

“मग ठराव कुठे आहे?”

आत्यांनी हनुवटीने टेबलाकडे दाखवलं. ग्रामसेवकांसमोरच्या गठ्ठ्यात तो कागद सगळ्यांत खाली होता, आयत्या वेळच्या विषयांत. ते विषय येईपर्यंत दर वेळी चहा येतो, आणि चहा आला की सभा उठते. लहानपणापासून वैजयंतीने हेच पाहिलं होतं.

बायका उठून उभ्या होत्या. वैजयंतीने सतरंजी गुंडाळली, खांद्यावर टाकली आणि पुरुषांमधून वाट काढत निघाली.

“सरका जरा. दादा, पाय घ्या.”

थेट टेबलासमोर जाऊन तिने ती पसरली. या वेळी एक कोपरा वाकडा पडला. तिने तो तसाच ठेवला.

भाऊसाहेब गडबडले. “वैजूताई, ती येण्याजाण्याची वाट आहे.”

“म्हणूनच आलो,” असं म्हणत आत्या मांडी घालून बसल्या.

मागोमाग बाकीच्या बसल्या. सुलभाला त्यांनी मधोमध घेतलं. वैजयंती सासरची झालेली, तिचं नाव आता या गावच्या मतदार यादीत नाही. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

भाऊसाहेबांनी पहिला विषय वाचला, रस्त्यावरच्या दिव्यांचा. वाचून डोकं वर केलं. समोर सुलभा.

दुसरा विषय घेतला. डोकं वर केलं. सुलभा तशीच बसलेली. ती रडत नव्हती, नुसती बघत होती.

तिसरा विषय त्यांना वाचवेना.

“ग्रामसेवक,” ते हळूच म्हणाले, “तो डॉक्टरचा कागद... वर घ्या.”

मंगळवारी सगळं गाव, बाप्ये आणि बाया, तालुक्याच्या दवाखान्यासमोर जाऊन बसेल, असा ठराव झाला. सगळ्यांत आधी हात वर केला तो सुलभाच्या सासऱ्याने. मध्येच चहा आला होता. तो निवून गेला, कुणी हात लावला नाही.

वैजयंतीला भरून आलं. मोठमोठ्या सभा तिने पाहिल्या होत्या, स्वतः गाजवल्याही होत्या. पण अक्षरही मोठ्याने न बोलता सभा फिरवणारी ही बाई पाहून तिला आत्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं.

समाजमंदिर रिकामं झालं. सतरंजीची दोन टोकं आत्यांनी धरली, दोन वैजयंतीने.

“आत्या... मग पक्ष? काढू की नको?”

आत्या टोकं घेऊन तिच्याकडे चालत आल्या. घडी जुळली.

“उद्या म्येळावा कितीला?”

“अकराला. म्हणजे... तुम्ही येणार? अध्यक्ष म्हणून?”

आत्यांनी सतरंजी तिच्या हातून काढून घेतली आणि आपल्या खांद्यावर टाकली.

“सतरंजी मी आणते. लिंबाखाली का टेबलाम्होरं, जागा तू दाव.”