कासारणीचा लेक

"चूक कुठं आहे तेवढं सांगा, माय. एक तरी चूक!"

गिरजामायनं कागद बाजूला सारले.

मुरलीधरनं नुकत्याच वाचून दाखवलेल्या कादंबरीची चवड पुन्हा तिच्यापुढं सरकवली. आमच्या टेकडीवरच्या मठातली ही म्हातारी स्वतः निरक्षर. पण या मुलखातले लिहिणारे तिला वाचून दाखवल्याशिवाय काही छापायला देत नसत. ती "जाऊ दे" म्हणाली की द्यायचं. नाही म्हणाली की… नाही.

"उद्या पहिल्या एसटीनं छापखान्यात न्यायचंय. तीन वर्षं घातलीत मी यात."

"तुझ्या गोष्टीतली सारजा बोलते किती रे."

"विहिरीत उडी टाकायच्या आधी अकरा पानं बोलते! ऐकणारे रडतात, माय."

"आणि तुमच्या गावातली, खरी सारजा? ती किती बोलायची?"

"ती? मुकीच म्हणा. कुणाशी चकार शब्द नाही."

"कुणाशीच?"

मुरलीधर अडखळला. "…माझ्या आईशी बोलायची म्हणतात. बांगड्या भरताना."

त्याची आई सोनाबाई कासारीण. डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन दहा गावं फिरली आणि याला शिकवलं. पुस्तकाच्या अर्पणाच्या पानावर मात्र तिला जागा नव्हती. तिथं शहरातल्या कुणा प्राध्यापकाचं नाव होतं. असो.

"काय बोलायची?"

"आईनं मरेपर्यंत सांगितलं नाही. म्हणून तर मला रचावं लागलं."

पुस्तकाला यश यावं म्हणून आईच्या पेटीतल्या उरलेल्या बांगड्या त्यानं सकाळीच मठातल्या देवीपुढं ठेवल्या होत्या. गिरजामायनं त्यातली एक उचलून त्याच्या हातात दिली. आपला हात पुढं केला.

"भर."

"माय, तुम्ही संन्यासीण…"

"कासारणीचा ना तू? भर म्हटलं ना."

त्यानं अंगठ्याच्या मुळाशी दाबलं. म्हातारीनं हात ताठ केला. त्यानं जोर लावला. तिनं आणखी ताठ केला. त्यानं आणखी…

काच तडकली. तिच्या मनगटावर रक्ताचा थेंब आला.

"फुटली!" तो ओरडला. "तुम्हीच हात ताठ केलात, म्हणून फुटली!"

"तुझी आई फुटली म्हणायची?"

"…नाही. वाढली म्हणायची."

"तिच्या हातून किती वाढल्या?"

"एकही नाही. मी तरी नाही बघितली."

"का? तिच्या बायका हात ताठ करत नव्हत्या?"

"करायच्या की. नव्या सासुरवाशिणी तर लाकडासारखा. मग आई बांगडी बाजूला ठेवायची. नुसता हात धरून बसायची. 'बरी आहेस ना गं?' एवढंच विचारायची. मग बाई बोलायला लागायची, आणि हात आपोआप…"

त्यानं हातातले काचेचे तुकडे खाली ठेवले.

गिरजामायनं दुसरा हात पुढं केला.

त्यानं दुसरी बांगडी घेतली. हात धरला. जोर लावला नाही. शेवटी त्यानं विचारलं, अगदी हळू…

"बऱ्या आहात ना, माय?"

तिच्याकडं उत्तरं मागायला येणारे मी या मठात राहून खंडीभर पाहिलेत. हे विचारणारा तो पहिला.

गिरजामाय बोलायला लागली. काय बोलली ते मी लिहिणार नाही.

ओसरीवरचं ऊन उतरून अंगणापार गेलं.

"बांगडी?" तिनं विचारलं.

मुरलीधरनं पाहिलं. बांगडी त्याच्याच मुठीत होती.

"विसरलो, माय."

म्हातारीचा हात त्याच्या हातात सैल पडला होता.

त्यानं कागदांच्या चवडीकडं पाहिलं. "मग हे… जाऊ दे का?"

"उद्याची पहिली एसटी," गिरजामाय म्हणाली, "चुकव."